पडण्यासाठी उभा राहिलेला हर्षल

"सर, मला पाडायचं असंल तर काय काय करावं लागंल?"

हर्षलनं हे शाळेच्या पाण्याच्या टाकीपाशी विचारलं. मी खडूचे हात धूत होतो. निवडणुकीतला उमेदवार असा प्रश्न समोरच्याबद्दल विचारतो, म्हणून मी म्हटलं, "सत्यशीलेला पाडायचंय का?"

"न्हाई सर. मला. मलाच पाडायचंय."

"मी निवडणूक अधिकारी आहे. उमेदवाराला सल्ला देता येत नाही."

"मंग उमेदवाराला नका देऊ. नुसता पोराला द्या."

आमची शाळा तिसगावच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. दिवाळी झाली की वर्गातले बाक निम्मे रिकामे होतात. आईबाप ऊस तोडायला निघतात, काही मुलं त्यांच्याबरोबर जातात, काही मामाकडे, चुलत्याकडे राहतात. जी मागं राहतात त्यांचंही लक्ष मार्चपर्यंत इथं नसतं. गेल्या वर्षापर्यंत शाळेचं मंत्रिमंडळ आम्ही शिक्षकच ठरवायचो आणि प्रार्थनेनंतर नावं वाचून दाखवायचो. यंदा हेडमास्तरांनी ठरवलं, आठवी ते दहावीच्या मुलांनी मत देऊन आपला मुख्यमंत्री निवडायचा. मतदार शहाण्णव. अर्ज दोन. दहावीचा हर्षल आणि दहावीचीच सत्यशीला.

हर्षलचा अर्ज हर्षलनं भरलेला नव्हता. त्याचे वडील रामहरी मुकादम स्वतः शाळेत आले होते. मुकादम म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणारा आणि कारखान्यावर नेणारा माणूस. गावातल्या अर्ध्याहून अधिक घरांतली माणसं त्यांच्या टोळीत जातात. कोणाला घ्यायचं, कोणाची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, पाण्याजवळ पडेल आणि कोणाची लांब, फडातली कोणती सरी कोणाला, हे तेच ठरवतात. माणूस वाईट नाही. विसेक वर्षांपूर्वी त्यांच्या स्वतःच्या हातात कोयता होता. उजव्या अंगठ्याचं नख अजून नीट आलेलं नाही. त्यांनी अर्ज मागितला, मुलाचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि म्हणाले, "मुकादमाच्या पोरानं मागच्या बाकावर बसायचं नसतंय, गुरुजी." सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन मुलं बाहेर उभीच होती. दोघंही टोळीतल्या घरची.

मी टाकीचा नळ बंद केला आणि म्हटलं, "मग अर्ज मागं घे. उद्यापर्यंत मुदत आहे."

"मागं घेऊन काय हुईल? पोरं म्हंतील, मालकाची मर्जी. त्यांनी मला पाडलं पायजे. त्यांनी."

"असं का?"

त्यानं खांद्यावरचं निळं दप्तर सावरलं. मग म्हणाला, "सर, ते मला आऊटच करीत न्हाईत."

मला कळलं नाही. त्यानं सांगितलं ते असं. आदल्या रविवारी मैदानात क्रिकेट चाललं होतं. वाल्मिकनं टाकलेल्या चेंडूवर हर्षलचा मधला स्टंप उडून पार बाभळीपाशी गेला. वाल्मिक स्वतःच म्हणाला, नो बॉल होता. पुढं झेल उडाला, तो दोघांनी मिळून सोडला. हर्षल दीड तास बॅट धरून उभा होता. शेवटी त्यानं बॅट टाकली आणि घरी गेला, तर मुलं म्हणाली, भाऊ दमले.

"वाल्मिक तुझा मित्र ना?"

"हुता," तो म्हणाला. "म्हंजी हाय. पण मी आलो की उठतो."

हे उठणं मी बघितलेलं होतं, पण त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं. टाकीवर हर्षल आला की रांग फाटायची. बाकावर जागा व्हायची. पायऱ्यांवर बसलेली मुलं उठून उभी राहायची आणि तो गेला की पुन्हा बसायची, जशी हवेनं वाकलेली ज्वारी परत सरळ होते. मला वाटायचं, मुलगा आवडता आहे.

त्याची सुरुवात कुठं झाली तेही त्यानं त्या दिवशीच सांगितलं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो वडिलांबरोबर श्रीगोंद्याकडे टोळीच्या मुक्कामावर गेला होता. वडिलांनी एक निरोप देऊन त्याला वाल्मिकच्या आईकडे, पुष्पावतीबाईंकडे, धाडलं. या बाईंनी लहानपणी दोघांचेही कान एकाच वेळी पिळलेले, एकाच ताटात दोघांना जेवू घातलेलं. त्या कोपीपुढं जेवत बसल्या होत्या. हर्षलला बघितलं, भाकरी ताटात ठेवली, उष्ट्या हातानंच डोक्यावर पदर घेतला आणि उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "काय निरोप, मालक?"

"मी नववीत हुतो, सर."

त्यानं निरोप दिलाच नाही. वडिलांना सांगितलं, दिला.

मी त्याला काही सल्ला दिला नाही. देण्यासारखा माझ्याकडे नव्हताही. एवढंच म्हटलं, "मत गुप्त असतं. ज्याला पाडायचं त्याला पाडता येतं."

"हे त्यांना म्हाईत न्हाई," हर्षल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माघारीची मुदत होती. सूचना फलकावर मीच लिहिलं होतं, शेवटच्या घंटेपर्यंत. त्या दिवशी शेवटची घंटा मला जरा लवकर झाल्यासारखी वाटली. मुलं बाहेर सांडली, दप्तरं उडाली, आणि त्या लोंढ्याच्या उलट्या दिशेनं सत्यशीला कार्यालयात आली. हातात घडी घातलेला कागद.

सत्यशीलेबद्दल सांगायला हवं. बिभीषण आणि त्याची बायको ही जोडी म्हणजे टोळीच्या हिशेबात एक कोयता, त्यांची ही थोरली. सहावीपर्यंत दर हिवाळ्यात तीही जायची आणि मुक्कामावरची अकरा-बारा लहान पोरं सांभाळायची. पोर कोणतं भुकेनं रडतंय आणि कोणतं नुसतंच, हे तिला लांबून कळायचं. आता ती चुलत्याकडे राहून शिकते. तिची आश्वासनं दोनच होती. मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी, आणि मार्चमध्ये परत येणाऱ्यांना बुडालेल्या धड्यांच्या वह्या.

"सर, अर्ज मागं घ्यायचाय."

"तुझ्या मनानं?"

"दादा म्हनले."

"दादांना कोण म्हणालं?"

तिनं कागदाची घडी आणखी दाबली. मग म्हणाली, "चहाच्या टपरीवर मुकादम भेटले हुते, हर्षलबी संगं हुता. म्हनले, बिभीषण, पोरगी लई पुढं गेली तुझी. बास, एवढंच म्हनले. हासून."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाचला दहा मिनिटं कमी होती. घंटा पाचला होते. शिपाईमामा तर मागं झाडांना पाणी घालत होते, पाइपचा आवाज येत होता. कार्यालयाच्या खिडकीतून मला घंटेचा लोखंडी रूळ दिसला, अजून हलत होता, आणि त्याच्यापासून लांब चाललेली एक पाठ दिसली. पांढरा शर्ट, खांद्यावर निळं दप्तर.

"घंटा झाली," मी म्हटलं. "मुदत संपली."

"म्हंजी आता कायच करता येनार न्हाई?"

"काहीच नाही."

"दादांना तसंच सांगते," म्हणाली आणि कागद चार वेळा फाडून, अगदी बारीक करून, कचऱ्याच्या डब्यात टाकला. जाताना ती जवळजवळ पळत होती. शिपाईमामा पुढं दोन दिवस घंटा वाजवणाऱ्याला शोधत होते. मी त्यांना मदत केली नाही.

यानंतरची चूक माझी.

मतदान मोबाईलवर घ्यायचं असं मी ठरवलं होतं. तसं एक ॲप मिळतं. नाव आणि चिन्ह दिसतं, बोट लावलं की मोठ्यानं बीप वाजतं, मुलांना खऱ्या मशिनसारखं वाटतं. माझ्या फोनवर ते चालेना. वर्गात मोठ्या स्क्रीनचा फोन एकट्या हर्षलकडे होता, म्हणून तो मागून घेतला आणि शनिवारी सराव मतदान घेतलं. हर्षलच्या नावापुढं विमान, सत्यशीलेच्या पुढं कपबशी. एकेक मूल आत यायचं, बीप वाजायचं, बाहेर जायचं. निकाल लागला, विमान एक्क्याऐंशी, कपबशी पंधरा.

हर्षल फळ्यासमोर उभा होता. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. पकडून आणलेल्या माणसासारखा.

सुट्टीत तो वाल्मिकला घेऊन आला. म्हणजे मनगट धरून, ओढत.

"सांग सरांना."

"काय सांगू, भाऊ?"

"भाऊ म्हनू नको. सांग."

वाल्मिक वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा. पण त्या दिवशी आधी दाराकडे बघितलं, मग बोलला. "सर, तो फोन मुकादमाचा हाय. आदीचा. मागं फुटलेला कोपरा हाय बघा, त्याच फोनवरून टोळीला निघायचा निरोप यायचा. आमच्या घरात तो नंबर समद्यांला पाठ हाय. त्याच्यावर बोट ठेवायचं म्हंजी..." तो थांबला. "म्हंजी त्यांच्या हातावरच बोट ठिवल्यावानी झालं का न्हाई?"

मी त्या फोनकडे बघितलं. टेबलावर पालथा पडला होता, काळा, गप्प. तो शहाण्णव मुलांपुढं मी माझ्या हातानं ठेवला होता आणि त्याला गुप्त मतदान म्हटलं होतं.

"कागदाच्या चिठ्ठ्या करू," मी म्हटलं.

"अक्षर वळखू येतं," हर्षल म्हणाला.

"नुसती फुली मारायची."

"फुलीबी वळखू येते, सर," वाल्मिक म्हणाला. "माझी तर तुमी पेपरात लांबून वळखता."

हे खरं होतं. मग दाण्यांची कल्पना निघाली. हर्षलनंच काढली. दाण्याला अक्षर नसतं. पोत्यातला कुठला दाणा कोणाच्या हातून पडला हे सांगणारा माणूस अजून जन्मला नाही. मी म्हटलं, हरभरा आणि शेंगदाणा घेऊ. वाल्मिकनं हात जोडले. "शेंगदाणा नको, सर. पोरं खाऊन टाकतील आन् त्या उमेदवाराचं वाटुळं हुईल." शेवटी ज्वारी आणि तूर ठरली. प्रत्येकाला दोन्हींचा एकेक दाणा मिळणार. पडद्यामागं कळशी. हर्षलला मत द्यायचं तर ज्वारी कळशीत, सत्यशीलेला द्यायचं तर तूर. उरलेला दाणा मागच्या खिडकीतून बाहेर फेकायचा. तिथं शिपाईमामांच्या कोंबड्या असतात.

"आन् तुझ्या तात्यांनी कोंबड्यांला इचारलं तर?" वाल्मिक म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो हर्षलसमोर थट्टेनं बोलला आणि बोलून घाबरला. हर्षल हसला. मग वाल्मिकही.

पण मुलांना पटवायचं राहिलंच होतं, आणि पटवणारा हर्षलच. मुकादमाचा मुलगा सांगतोय की मुकादमाला कळणार नाही, यावर कोण विश्वास ठेवणार? सोमवारी शेवटच्या तासाला आठवी ते दहावीची मुलं मी एकाच वर्गात दाटीनं बसवली आणि त्यानं माझ्याकडून वीस मिनिटं मागून घेतली. नाटकाचा जुना पडदा दोरीवर टाकला, मागं कळशी ठेवली.

"हे मत न्हाई," तो सगळ्या वर्गाला म्हणाला. "खेळ हाय. पाच जणांनी यायचं, मनाला यील तो दाणा टाकायचा. मी वळखणार. मी वळखलं तर मी जितलो."

टोळीतल्या घरची पाच मुलं उठली. एकेक आत जाऊन आलं. हर्षल प्रत्येकासमोर उभा राहून डोळ्यांत बघायचा.

"वाल्मिक. ज्वारी."

"तूर," वाल्मिक म्हणाला.

"खोटं बोलतो."

"मंग कळशीतनं माझा दाणा काढून दाव."

वर्ग हसला. पाचांपैकी तीन त्याचे चुकले. मग सत्यशीलेनं ओळखून बघितलं, तिचेही तीन चुकले. मग मुलांनी मला उभं केलं आणि माझे चार चुकले, याचा आनंद सर्वांत मोठा होता.

मागच्या बाकावरून आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "म्हंजी सरांलाबी कळत न्हाई?"

"नाही."

"आन् मुकादमाला?"

बाहेर कोंबडी ओरडत होती तेवढीच. मुलं माझ्याकडे बघत नव्हती, हर्षलकडे बघत होती.

"तात्यांला?" हर्षल म्हणाला. "तात्यांला घरात कालवण कशाचं केलंय ते ताटात पडल्याबिगर कळत न्हाई."

आधी कोणीच हसलं नाही. मग वाल्मिकच्या नाकातून आवाज आला आणि अख्खा वर्ग फुटला. मुलं बाकावर डोकं ठेवून हसत होती. त्या हसण्यात एक जुना दोर तुटत होता. सत्यशीला ओढणीनं डोळे पुसत होती. हर्षल मध्ये उभा होता, कान लाल झालेले, आणि त्याच्या खांद्यावरून काहीतरी उतरत चाललं होतं.

मतदान गुरुवारी झालं. एक मुलगा तापानं आला नव्हता, पंचाण्णव जण आले. हर्षलचा फोन मी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली मुलांसमोर खिशात टाकली. रांग सरकत गेली. खिडकीबाहेर कोंबड्यांची गर्दी झाली. दोन तासांनी मी कळशी टेबलावर पालथी केली.

पहिल्यांदा दिसली ती ज्वारीच. पांढऱ्या दाण्यांचा एक झुबका वर आला होता. हर्षल खुर्चीची पाठ घट्ट धरून उभा होता. मी दोन ढीग करायला लागलो. ज्वारीचा ढीग सत्तावीसवर थांबला. तुरीचा चालूच राहिला. चाळीस, पन्नास. साठनंतर मुलं मोठ्यानं मोजायला लागली. अडुसष्ट.

सत्यशीला निवडून आली. तिनं टाळ्या वाजवणाऱ्या मुलींकडे बघितलं, मग हर्षलकडे, आणि नुसती मान हलवली. हर्षलनं खुर्ची सोडली. मग त्याच खुर्चीवर बसला. ज्याला पाडलं आहे असा माणूस एवढा निवांत बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

सुट्टीत मैदानातून आरडाओरडा ऐकू आला. मी खिडकीतून बघितलं. वाल्मिकच्या पहिल्याच चेंडूवर हर्षलचा स्टंप पडला होता आणि अकरा मुलं दोन्ही हात वर करून त्याच्या अंगावर धावून जात होती. "आऊट! आऊट! चल निघ!" तो उगाच भांडत होता, बॅट जमिनीवर आपटत होता, नो बॉल नो बॉल म्हणून ओरडत होता. त्याला बाहेर काढायला दोघांना ढकलावं लागलं.

रामहरी मुकादम पाचच्या घंटेनंतर आले. टपरीवर कळलं असावं. मी हर्षलला कार्यालयात बोलावून घेतलं, समोरासमोर झालेलं बरं म्हणून. हातातला चेंडू त्यानं टेबलावर ठेवला. मुकादम खुर्चीवर बसले नाहीत.

"सत्तावीस," ते म्हणाले. "टोळीतलीच पोरं बेचाळीस हायती, गुरुजी. चिठ्ठ्या दावा."

"चिठ्ठ्या नाहीत. दाणे आहेत."

मोजलेले दाणे परत भरलेली कळशी मी पुढं केली. त्यांनी आत हात घातला आणि मूठभर दाणे बाहेर काढून तळव्यावर पसरले. त्यांचा तो अर्ध्या नखाचा अंगठा दाण्यांवरून फिरत राहिला, जसा बाजारात फिरतो.

"ही तूर औंदाची न्हाई," शेवटी म्हणाले.

"गेल्या वर्षीची आहे."

"ज्याचे त्याचे दोन दाणे हुते म्हनं. दुसरे कुठं हायत?"

"कोंबड्यांनी खाल्ले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, थट्टा करतोय का ते. मग खिडकीबाहेर बघितलं. शिपाईमामांच्या तीन कोंबड्या मातीत पाय ओढत अजून शोधत होत्या. मुकादमांच्या मिशीखाली काहीतरी हललं, हसू असेल किंवा नसेल. त्यांनी दाणे परत कळशीत सोडले. एकेक दाणा तळाला लागल्याचा आवाज आला.

"बिभीषणच्या पोरीला शाबासकी सांगा," ते म्हणाले. आवाज जड होता, पण शब्द पुरे होते. मला एकदम हलकं वाटलं. दिवाळीनंतर बिभीषणची कोपी कुठं पडेल याची काळजी मी गेले आठ दिवस करत होतो आणि ते मला आत्ता कळलं.

मग ते मुलाकडे वळले. "आन् तू? तू कुणाला टाकलंस?"

हर्षल भिंतीला टेकून उभा होता. वडिलांच्या डोळ्यांत बघत होता, घाबरलेला नव्हता, उर्मटही नव्हता. बाहेरून वाल्मिकची हाक आली. "ए हर्षल्या! येतो का दुसरा गडी घेऊ?"

मुकादमांची मान दाराकडे फिरली. हर्षल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"इचारलं मी," ते म्हणाले. "ज्वारी का तूर?"

हर्षलनं टेबलावरचा चेंडू उचलला. पायरीवर पाच-सहा मुलं दाराकडे पाठ करून बसली होती. कोणी उठलं नाही. एकानं मागं न बघता फक्त गुडघा बाजूला घेतला, आणि हर्षल काही न बोलता त्यांच्यामधून वाट काढत बाहेर गेला.